एक दरवाजा, अनेक बिऱ्हाडें

गिरगांवांतील एखाद्या वाडींत राहणारा मनुष्य शेजाऱ्याला आपला पत्ता सांगतो, तेव्हां 'दुसरा मजला, जिन्याजवळची खोली' एवढें पुरतें. दादरच्या माणसाला तोच पत्ता सांगावयाचा तर वाडीचें नांव घालावें लागतें. आणि नागपूरच्या माणसाला सांगावयाचा तर गिरगांव व मुंबई हीं दोन्हीं नांवें जोडावीं लागतात. खोली तीच, राहणाराहि तोच; परंतु विचारणारा जितक्या दुरून विचारतो, तितका पत्ता लांबतो.

टपालखात्यानें हीच गोष्ट आंकड्यांनीं करून दाखविली. पूर्वीं गिरगांवचीं पत्रें 'मुंबई ४' या खुणेवर येत, परळचीं 'मुंबई १२' वर आणि दादरचीं 'मुंबई १४' वर. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिनकोडाची पद्धति सुरू झाली. ती आंखण्याचें श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यांतील अधिकाऱ्याकडे जातें. संस्कृतचे पंडित म्हणूनहि त्यांची ख्याति होती. तेव्हांपासून 'मुंबई ४' चें ४००००४ झालें, 'मुंबई १२' चें ४०००१२ आणि 'मुंबई १४' चें ४०००१४. जुना आंकडा पुसला गेला नाहीं. त्याच्या अगोदर कांहीं आंकडे येऊन बसले, एवढेंच. समासाच्या भाषेंत बोलावयाचें तर उत्तरपद कायम राहिलें आणि त्याला पूर्वपद मिळालें.

या पूर्वपदाचा प्रश्न आज एका निराळ्या ठिकाणीं उभा राहिला आहे. तें ठिकाण म्हणजे संगणकांचें जाळें. टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत वेबची कल्पना मांडली. भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सर्वसामान्य लोकांस इंटरनेट खुलें केलें. त्यानंतरच्या तीस वर्षांत वाचनालयें, शाळा, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था या सर्वांचे व्यवहार या जाळ्यावर गेले. तेथें पत्ता चुकला तर पत्र उशिरां पोंचतें असें होत नाहीं. 'पान सापडत नाहीं' एवढा निरोप येतो आणि विचारणारा परत फिरतो.

दादरमधील एखाद्या वाचनालयाची कल्पना श्रोत्यांनीं करावी. त्याला तीन कामें जाळ्यावर चालवावयाचीं आहेत: पुस्तकांची सूची, सभासदांची वर्गणी आणि व्याख्यानांचीं आमंत्रणें. या तीन कामांचे तीन प्रोग्राम आहेत. ते निरनिराळ्या लोकांनीं, निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या भाषांत लिहिलेले आहेत. संस्थेजवळ मात्र एकच नांव नोंदलेलें आहे, आणि पैसाहि एकाच सर्व्हरपुरता आहे. तेव्हां तिघांना एकाच छपराखालीं नांदविणें भाग पडतें.

याचे दोन मार्ग आहेत. पहिला असा कीं, प्रत्येकाला संस्थेच्या नांवांतूनच निघालेलें पण स्वतंत्र असें उपनांव द्यावयाचें. यालाच सबडोमेन म्हणतात. एका आवारांत तीन वेगळे बंगले बांधून तिन्ही फाटकांवर वेगळ्या पाट्या लावाव्या, तसा हा प्रकार. दुसरा मार्ग चाळीचा. पाटी एकच, दरवाजा एकच. आंत खोल्या वेगळ्या. संस्थेच्या नांवापुढें तिरकी रेघ मारून '/सूची/', '/वर्गणी/', '/आमंत्रण/' असे मार्ग ठेवावयाचे. लोकांना एकच नांव पाठ करावें लागतें आणि सुरक्षिततेचें प्रमाणपत्रहि एकच पुरतें. काटकसरीनें चालणाऱ्या संस्थांना हा दुसरा मार्ग सहज आवडतो.

परंतु एका दरवाजाला दारवान लागतो. संगणकशास्त्रांत त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. साधा प्रॉक्सी घरांतल्या माणसांच्या वतीनें बाहेर जातो. बाजारहाट करून आणणाऱ्या गड्यासारखें त्याचें काम. रिव्हर्स प्रॉक्सीचें काम याच्या उलट आहे. तो बाहेरून येणाऱ्याला दारांतच सामोरा जातो, कोणाकडे काम आहे तें पाहतो, स्वतः आंत जाऊन निरोप सांगतो आणि उत्तरहि स्वतःच्याच हातानें आणून देतो. पाहुण्याला आंतलें बिऱ्हाड दिसतच नाहीं. १९९५ सालचा अपाची आणि इगोर सिसोएव्ह या रशियन प्रोग्रामरनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेला इंजिनएक्स हे या कामावरचे दोन नामांकित दारवान होत. बाहेरचें जग सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या दारावर येतें; आंतले प्रोग्राम ३०००, ५०००, ८०८० अशा क्रमांकांच्या दारांमागें बसलेले असतात. '/सूची/' नें सुरू होणारी मागणी आली कीं दारवानानें ती ३००० कडे न्यावी, '/वर्गणी/' ची ५००० कडे. येथपर्यंत सारें सुरळीत चालतें.

अडचण उत्तर परत येतांना होते. सूचीचा प्रोग्राम लिहिणाऱ्यानें तो लिहितांना असें गृहीत धरलेलें असतें कीं, सारें घर आपलेंच आहे. म्हणून त्यानें पाठविलेल्या पानावर 'संस्थेचें चित्र येथून आणावें', 'शोधासाठीं तेथें जावें' अशा ज्या सूचना असतात, त्यांतील पत्ते तिरकी रेघ आरंभीं ठेवून लिहिलेले असतात: '/चित्रें', '/शोध', '/प्रवेश'. वाचकाच्या संगणकावरील ब्राउझर ही आरंभींची रेघ पाहून सरळ मुख्य दरवाजाशीं येतो. अशा पत्त्यांचा अर्थ कसा लावावा, याचे नियम ठरलेले आहेत; २००५ सालच्या प्रमाणलेखांत ते बांधून दिले आहेत, आणि ब्राउझर ते बिनचूक पाळतो. चूक त्याची नसते. तो दारवानाला '/शोध' विचारतो. दारवानाजवळ '/सूची/शोध' आहे, '/शोध' नाहीं. परिणाम असा होतो कीं, पान उघडतें पण त्याची मांडणी नाहींशी होते, चित्रांच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसतात, आणि बटण दाबलें तर कांहींच घडत नाहीं.

याहून वाईट प्रकारहि आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें १९२० नंतरच्या वर्षांत नायगांव, वरळी, शिवडी आणि डिलाइल रोड, म्हणजे आतांचा ना. म. जोशी मार्ग, येथें ज्या चाळी बांधल्या, त्यांची घडण तळमजला व वर तीन मजले, आणि एकूण ऐंशीं खोल्या, अशी होती. एकासारखी एक चाळ, आणि खोल्यांचे आंकडे प्रत्येक चाळींत तेच. अशा वस्तींतल्या कोणी आपल्या पत्त्यांत चाळीचा क्रमांक गाळून नुसता 'खोली १२' लिहिला, तर पत्र परत जाईल असें नाहीं. तें दुसऱ्याच चाळींतल्या बारा नंबरांत जाऊन पडेल. सूची आणि वर्गणी या दोन्ही प्रोग्रामांचा 'प्रवेश' असतो. पूर्वपद गळालें कीं पुस्तक शोधावयास निघालेला सभासद वर्गणीच्या दारांत जाऊन उभा राहतो आणि तेथें त्याचा परवलीचा शब्द चुकीचा ठरतो. दोष कोणाचा हें त्याला कळत नाहीं. तो स्वतःच्या स्मरणशक्तीला बोल लावतो. वयस्क सभासद अशा वेळीं संगणक मिटून ठेवतात आणि पुन्हां त्या वाटेला जात नाहींत. संस्थेचें खरें नुकसान तें हेंच.

शेवटच्या तिरक्या रेघेचाहि येथें मोठा महिमा आहे. '/सूची' आणि '/सूची/' हे डोळ्यांना सारखेच वाटतात. ब्राउझरच्या लेखीं पहिला एक कागद आहे आणि दुसरी एक खोली आहे. पानावर नुसतें 'शोध' असें लिहिलें असेल, तर कागदाशेजारचा शोध म्हणून तो '/शोध' कडे जातो आणि खोलींतला शोध म्हणून '/सूची/शोध' कडे जातो. म्हणून कोणी रेघेवांचून आला, तर त्याला रेघेसह असलेल्या पत्त्यावर वळवावें, असा शहाण्या दारवानांचा परिपाठ आहे. इंजिनएक्सला आंतल्या प्रोग्रामचा पत्ता लिहून देतांनाहि अशीच सावधगिरी लागते. त्या पत्त्याच्या शेवटीं रेघ असली तर तो पूर्वपद काढून घेऊन मागणी आंत देतो; त्यापुढें कांहींच नसलें तर पूर्वपदासकट जशीच्या तशी देतो. एका रेघेनें अर्थ फिरतो. ऱ्हस्वदीर्घाची हेळसांड करणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

यावर उपाय दोन सुचविले जातात. पहिला दारवानाला कामाला लावण्याचा: आंतून बाहेर जाणारें प्रत्येक पान त्यानें वाचावें आणि जेथें '/शोध' असेल तेथें '/सूची/शोध' असें दुरुस्त करावें. अपाची व इंजिनएक्स या दोघांनाहि हें काम सांगतां येतें. पण तें विश्वासाचें नाहीं. पान आकसून, म्हणजे कॉम्प्रेस करून, बांधलेलें असलें तर त्याला आंतील अक्षरें दिसत नाहींत. आणि आजचे कित्येक पत्ते पानावर लिहिलेलेच नसतात, ते वाचकाच्या ब्राउझरमध्यें ऐन वेळीं जुळविले जातात. दाराबाहेर गेल्यावर लिहिलेलें पत्र दारवान कसें सुधारणार?

दुसरा उपाय साधा आहे आणि तोच टिकाऊ आहे. राहणाऱ्यालाच त्याच्या चाळीचें नांव सांगावें. नीट लिहिलेल्या बहुतेक प्रोग्रामांत 'तुझें पूर्वपद अमुक' असें कळविण्याची सोय असते. तें एकदां कळविलें कीं प्रोग्राम आपला प्रत्येक पत्ता पूर्ण लिहितो. बाहेरचा मनुष्य कोणत्या नांवानें, कोणत्या मार्गानें आला, हें दारवानानें आंत कळविण्यासाठीं मागणीबरोबर चिठ्ठी जोडण्याचीहि रीत आहे. 'फॉरवर्डेड' या नांवाच्या चिठ्ठीचा प्रमाणलेख २०१४ सालीं निघाला. मात्र अशी चिठ्ठी कोणी बाहेरूनच खिशांत घालून आणली, तर दारवानानें ती फाडून टाकून स्वतःची लिहावी. नाहींतर वाटेल त्याला वाटेल तें नांव सांगून आंत शिरतां येईल. आणि जो प्रोग्राम कांहीं केल्या पूर्वपद स्वीकारीत नाहीं, त्याच्याशीं झगडत बसूं नये. त्याला सबडोमेनाचा वेगळा बंगला द्यावा.

चाळींतल्या राहणीचा आणखी एक गुणधर्म येथें विसरतां येत नाहीं. चाळींत गॅलरी सामाईक असते. एकाच्या दारावरून दुसऱ्याचें येणें-जाणें चालतें. ब्राउझरचा विश्वासहि असाच सामाईक आहे. दोन पानें एकाच घरचीं कीं नव्हेत, हें ठरवितांना तो पत्त्याची भाषा, नांव आणि दाराचा क्रमांक एवढ्याच तीन गोष्टी पाहतो. तिरक्या रेघेपुढचा मार्ग पाहत नाहीं. त्याच्या दृष्टीनें '/आमंत्रण/' आणि '/वर्गणी/' हे एकाच घरचे. आमंत्रणांच्या ढिसाळ प्रोग्रामांत कोणी वाईट हेतूनें दोन ओळी घुसविल्या, तर त्या ओळी वर्गणीच्या पानांनाहि हात घालूं शकतात. नेटस्केप कंपनीच्या लू मॉन्टुली यांनीं १९९४ सालीं ओळखीसाठीं कुकी नांवाची जी चिठ्ठी काढली, तिला मार्गाची मर्यादा घालतां येते. पण ती मर्यादा सोयीची आहे, संरक्षणाची नव्हे. दोन प्रोग्रामांनीं आपल्या कुकीला एकच नांव दिलें आणि दोघांनींहि मार्ग नुसता '/' असाच ठेवला, तर एकांत प्रवेश करतांच दुसऱ्यांतून बाहेर पडावें लागतें, हा अनुभव तर नित्याचा आहे. म्हणून जेथें पैशाचा व्यवहार आहे, त्या प्रोग्रामाला वेगळें नांव द्यावें आणि त्याची कुकी त्या नांवापुरतीच ठेवावी. सूची आणि आमंत्रणें एका छपराखालीं खुशाल नांदूं द्यावीं. चाळींतला मनुष्यहि शेजाऱ्यांवर जीव टाकतो, आणि दागिने पेढीवर ठेवतो.

संस्थेच्या चालकांना हें सारें तंत्र येण्याची गरज नाहीं. काम करून घेतांना परीक्षा कशी घ्यावी एवढें कळलें तरी पुष्कळ झालें. मुख्य पत्त्यावरून आंत जावें आणि प्रत्येक दुवा दाबून पाहावा. आंतल्या एखाद्या पानाचा पत्ता उतरून घेऊन तो दुसऱ्या घरच्या संगणकावर कोरा उघडावा. शेवटची रेघ गाळून पाहावी. एका प्रोग्रामांत प्रवेश करून, तेथून दुसऱ्यांत जाऊन, परत यावें. सर्वांत महत्त्वाची परीक्षा पत्राची आहे. परवलीचा शब्द विसरल्याची तक्रार करावी आणि जें ई-मेल येईल त्यांतला पत्ता वाचावा. त्यांत संस्थेचें नांव व पूर्वपद असेल तर काम चोख झालें. 'लोकलहोस्ट' असा शब्द आणि ३००० चा आंकडा असेल, तर तो पत्ता त्या यंत्राच्या चार भिंतींपलीकडे कोणाच्याहि उपयोगाचा नाहीं. असें पत्र सभासदांच्या हातीं पडण्यापूर्वीं काम परत करावें.

चाळी पाडल्या जातात आणि त्यांच्या जागीं उंच इमारती उठतात. नायगांव-वरळीकडे हेंच चाललें आहे. सर्व्हरहि बदलतात, प्रोग्रामहि जुने होऊन टाकले जातात. आंतली खोली कितीदां बदलली तरी बाहेर दिलेला पत्ता मात्र चालू राहिला पाहिजे. कारण तो कोणाच्या तरी वहींत, कोणाच्या पत्रांत, एखाद्या पुस्तकाच्या टीपेंत लिहिलेला असतो. दारवान ठेवण्याचा खरा लाभ हाच कीं, आंत काय बदल झाला याची दाद बाहेर लागूं न देतां जुना पत्ता नव्या खोलीकडे वळवितां येतो. मात्र त्यासाठीं आंत राहणाऱ्याला आपला पूर्ण पत्ता ठाऊक असावा लागतो, आणि तो त्याला सांगण्याचें काम घर मांडणाऱ्याचें आहे.