तापाची गोळी आणि धातूचा कण
(जालना येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



प्राथमिक आरोग्य केंद्रात तापासाठी मिळणारी पॅरासिटॅमॉलची गोळी सर्वांच्या परिचयाची आहे. ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टर सांगतात. परंतु ती तयार कशी होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मार्च २०२० मध्ये तो विचारणे भाग पडले. कोरोनाच्या साथीमुळे चीनमधून येणाऱ्या कच्च्या मालाचा पुरवठा विस्कळीत होताच केंद्र शासनाने या औषधाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. गोळी आपल्या देशात तयार होत असली, तरी तिच्या मूळ द्रव्यासाठी आपण परक्यांवर विसंबून होतो, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले.

या मूळ द्रव्याचे नाव पॅरा-अमायनोफेनॉल. ते तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत लोखंडाचा कीस व आम्ल वापरीत. या क्रियेत लोखंड स्वतःच खर्ची पडते आणि मागे लोहयुक्त गाळाचे ढीग उरतात. सळ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जालन्यात लोखंडाचा गंज म्हणजे काय, हे सांगावयास नको. औषध रुग्णाच्या हाती पडते. गाळ मात्र कोणत्या तरी गावाच्या वाट्याला येतो.

यावरील उपाय म्हणजे उत्प्रेरक. तो रासायनिक क्रियेला गती देतो, परंतु स्वतः खर्ची पडत नाही; म्हणून तो गाळून पुन्हा वापरता येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. आर. व्ही. चौधरी, डॉ. सी. व्ही. रोडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोबेन्झिनवर हायड्रोजनची क्रिया घडवून हे द्रव्य मिळविण्याच्या पद्धतीचे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात कोळशाच्या भुकटीवर बसविलेले प्लॅटिनमचे सूक्ष्म कण उत्प्रेरकाचे काम करतात. आम्ल येथेही लागते आणि अ‍ॅनिलीन हे नको असलेले द्रव्यही काही प्रमाणात निर्माण होते. तथापि लोखंडाचा गाळ होत नाही.

प्लॅटिनमसारखा महाग धातू परवडतो कसा? उत्तर कणांच्या आकारात आहे. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच १ नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, एवढ्या बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड एकर भरतो! क्रिया पृष्ठभागावरच घडत असल्याने चिमूटभर धातू पुष्कळ काम करतो.

सोन्याची कथा याहून नवलाची. ‘जालना सोन्याचा पालना’ असे आपण म्हणतो. परंतु सोने कशाशीही सहसा संयोग पावत नाही, म्हणून ते उत्प्रेरक म्हणून निरुपयोगी मानले जाई. जपानचे शास्त्रज्ञ हारुता यांनी १९८७ मध्ये दाखविले, की सोन्याचे अतिसूक्ष्म कण विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर शून्य अंशाखालील तापमानातही घडवितात. पुण्याच्याच प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी सूक्ष्म कण तयार केले. असे कण प्रकाशातील उष्णता शोषून कर्करोगाच्या गाठीवर मारा करू शकतील काय, याचा जगभर अभ्यास चालू आहे. मात्र अभ्यास म्हणजे उपचार नव्हे. ‘नॅनो’ हा शब्द छापून कोणी रामबाण औषध विकू लागला, तर गावकऱ्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवा.

मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. हे शास्त्र शिकण्यासाठी आपल्या मुलामुलींना आता दूर जावयास नको. शिक्षकांनी त्यांना ही वाट दाखवावी. आणि सदस्यहो, आपल्या परिसरात रसायनाचा कारखाना येऊ घातला, तर रोजगार किती मिळणार, हे अवश्य विचारा. त्याचबरोबर उत्प्रेरक कोणता वापरणार आणि गाळ कोठे जाणार, हेही विचारा. आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात एका विहिरीचे पाणी बिघडणे, ही लहान गोष्ट नव्हे.