औषधासाठीं दिलेलें नांव



डॉक्टरपुढें बसलेला रोगी कोणतें गुपित जपत असतो, असा प्रश्न कोणीं केला तर आपण म्हणूं, आपल्या रोगाचें. क्षय, कुष्ठ, मनाचे विकार यांविषयींचा संकोच आपल्या परिचयाचा आहे, आणि वैद्यानें रोग्याचें गुह्य बाहेर फोडूं नये हा नियमहि फार जुना आहे. परंतु परक्या देशांत राहणाऱ्या एखाद्या माणसाचें गुपित निराळें असतें. त्याला आपला मधुमेह लपवावयाचा नसतो. लपवावयाचा असतो तो आपला पत्ता.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अशा लोकांविषयीं आज बोलावयाचें आहे. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें, भाचे, पुतणे तेथें आहेत. त्यांचीं कागदपत्रें बहुधा व्यवस्थित असतात. तरी ही हकीकत त्यांनाहि कशी लागू पडते तें ओघानें येईल.

त्या देशांत सर्वांसाठीं एकच सरकारी आरोग्यव्यवस्था नाहीं. बहुतेकांचा विमा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. ज्यांना तो मिळत नाहीं त्यांच्यासाठीं मुख्यतः दोन दारें आहेत. एक मेडिकेड, ही योजना १९६५ सालीं सुरू झाली, आणि मध्यवर्ति सरकार व संस्थानें मिळून गरिबांसाठीं ती चालवितात. दुसरें दार २०१० च्या कायद्यानें उघडलें. त्यास तेथें मार्केटप्लेस म्हणतात, आणि त्यांतील नोंदणीस १ ऑक्टोबर २०१३ रोजीं प्रारंभ झाला. दोन्हीं ठिकाणीं अर्ज भरावा लागतो. त्यांत नांव, जन्मतारीख, पत्ता, मिळकत, घरांतील माणसें आणि अर्जदाराचें त्या देशांतील वास्तव्य कोणत्या आधारावर आहे, हें सारें लिहावें लागतें. मग तें खरें कीं खोटें याची तपासणी होते. आणि परदेशी अर्जदाराच्या कागदपत्रांविषयींची विचारणा होते ती अंतर्गत सुरक्षा खात्याकडे. विनापरवाना राहणाऱ्यांस देशाबाहेर काढण्याचें कामहि त्याच खात्याच्या एका शाखेकडे आहे. औषध मागण्यासाठीं ज्या खिडकीशीं उभें राहावयाचें, तिच्या पलीकडे शिपाई बसला आहे असें एखाद्या गरीब बाईस वाटलें, तर तिला भित्री म्हणण्याचें आपणांस कारण नाहीं.

यांत गुंता असा कीं, एकाच घरांत निरनिराळ्या दर्जाचीं माणसें राहतात. बाप परवान्यावर, आई परवान्याची मुदत संपलेली, आणि धाकटें मूल तेथेंच जन्मलेलें, म्हणून जन्मतःच त्या देशाचें नागरिक. मुलास दमा आहे. त्याचा विम्यावर पूर्ण हक्क आहे. परंतु त्याचा अर्ज भरावयाचा तो आईबापांनींच. हक्क एकाचा आणि धास्ती दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

कायदा करणारांच्या ध्यानांत ही अडचण आली नव्हती असें नाहीं. २००० सालींच तेथील आरोग्य व शेती या खात्यांनीं संस्थानांना कळविलें होतें कीं, जो माणूस स्वतःसाठीं कांहीं मागत नाहीं, केवळ मुलासाठीं अर्ज करीत आहे, त्याच्या नागरिकत्वाची वा परवान्याची चौकशी करूं नये. २०१० च्या कायद्यानें असें बंधन घातलें कीं, ओळख पटविणें व पात्रता ठरविणें यांस जेवढी अवश्य तेवढीच माहिती मागावी, आणि मार्केटप्लेसचा कारभार चालविण्याखेरीज ती अन्यत्र वापरूं नये. पुढें २५ ऑक्टोबर २०१३ रोजीं इमिग्रेशनच्या अंमलबजावणी शाखेनें लेखी जाहीर केलें कीं, विम्याच्या पात्रतेसाठीं मिळालेल्या माहितीच्या आधारें आपण कोणाविरुद्ध दिवाणी कारवाई करणार नाहीं. यांपैकीं २०१० चा होता कायदा. इतर होतीं सरकारी खात्यांचीं पत्रकें. हा भेद त्या वेळीं फारसा कोणाच्या लक्षांत आला नाहीं. कायदा मोडावयास विधिमंडळ लागतें. पत्रक फिरवावयास नवा अधिकारी पुरतो.

आतां आपल्या लोकांकडे वळतों. एखादा मराठी तरुण नोकरीच्या परवान्यावर तेथें दहा वर्षें आहे. कायम वास्तव्याच्या परवान्याची वाट पाहणाऱ्या लांबलचक रांगेंत तो उभा आहे. आणि एके दिवशीं त्याची नोकरी जाते. नोकरीबरोबर विमाहि जातो. त्याचें मूल अमेरिकेंत जन्मलेलें असेल, तर मिळकत घटल्यामुळें तें सरकारी विम्यास पात्र ठरूं शकतें. पण बाप अर्ज भरीत नाहीं. त्याच्या कानीं आलेलें असतें कीं, ज्यानें सरकारचें अन्न खाल्लें तो सरकारवर भार, आणि भार होणारास कायमचा परवाना नाहीं. असा नियम तेथें आहे खरा, आणि तो वरचेवर बदललाहि आहे. २०१९ सालीं तो कडक झाला, २०२१ मध्यें तें कडक रूप गेलें, २०२२ मध्यें सौम्य रूप लेखी आलें, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें तें सौम्य रूप रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. तथापि २०१९ च्या कडक नियमांतहि मुलानें घेतलेल्या मेडिकेडचा दोष बापाच्या माथीं मारण्याची तरतूद नव्हती. अर्बन इन्स्टिट्यूट या संस्थेनें २०१८ च्या डिसेंबरांत परदेशांतून आलेल्यांच्या कुटुंबांची पाहणी केली, तेव्हां सात प्रौढांपैकीं सुमारें एकानें सांगितलें कीं, परवाना हुकेल या भीतीनें आपण किंवा घरांतील कोणीं सरकारी साहाय्य घेतलें नाहीं. त्या वेळीं तो नियम अमलांत आला नव्हता. नुसता प्रस्ताव होता. नियम कागदावर असतांना भीति घराघरांत पोंचली होती.

मग या लोकांना "भिऊं नका" एवढेंच सांगावें काय? तेथील अनेक परोपकारी मंडळी वर्षानुवर्षें हेंच सांगत आलीं. त्यांचा हेतु निर्मळ होता. परंतु सरकारी यादीचें वचन किती टिकतें याचा इतिहास फारसा आश्वासक नाहीं. अमेरिकेच्या खानेसुमारींतील माहिती गुप्त राहील असें कायद्यानें सांगितलें होतें. १९४० ची खानेसुमारी झाली. पुढें युद्ध पेटलें. आणि मार्च १९४२ मधील युद्धकालीन कायद्यानें ती गुप्तता स्थगित झाली. १९४३ सालीं राजधानींतील जपानी वंशाच्या लोकांचीं नांवेंपत्ते खानेसुमारीच्या कचेरींतून बाहेर देण्यांत आले. विल्यम सेल्टझर व मार्गो अँडरसन या संशोधकांनीं त्याचा पुरावा २००७ सालीं पुढें आणला. म्हणजे ज्यांचीं नांवें गेलीं त्यांच्यापैकीं पुष्कळांना तें हयातींत कळलेंहि नसेल.

इंग्लंडांत झालेला प्रकार तर थेट आरोग्याच्या यादीचाच. १ जानेवारी २०१७ पासून तेथील आरोग्यसेवेची माहिती सांभाळणारी संस्था व गृहखातें यांच्यांत एक करारपत्र अमलांत आलें. त्यान्वयें इमिग्रेशनच्या कामीं रोग्यांचे पत्ते गृहखात्यास मिळत. सरकारचा युक्तिवाद असा कीं, आम्ही रोगाची टिपणें मागत नाहीं. केवळ नांव, जन्मतारीख, पत्ता मागतों. हा युक्तिवाद ऐकून मला हसूं येतें आणि रागहि येतो. ज्याचें गुपित पत्ता हेंच आहे, त्यास "केवळ पत्ता" असें म्हणणें ही कसली गुप्तता? पार्लमेंटच्या आरोग्यसमितीनें हरकत घेतली, डॉक्टरांनीं आवाज उठविला, आणि २०१८ मध्यें तो करार मागें घ्यावा लागला.

आणि अमेरिकेंत २०२५ सालीं तोच शब्द पुन्हां निघाला. जूनमध्यें उघडकीस आलें कीं, मेडिकेडवर देखरेख करणाऱ्या मध्यवर्ति कचेरीनें कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन इत्यादि संस्थानांतील नोंदलेल्या लोकांची माहिती अंतर्गत सुरक्षा खात्याच्या हवालीं केली आहे. १ जुलै रोजीं कॅलिफोर्नियासह वीस संस्थानांनीं सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयांत दावा लावला. न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनीं १२ ऑगस्टला त्या संस्थानांपुरता मनाईहुकूम दिला. मात्र डिसेंबरअखेर त्यांनींच असा निर्णय दिला कीं, ज्यांचें वास्तव्य बेकायदेशीर आहे अशांचें नांव, पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक यांसारखी प्राथमिक माहिती देण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. आरोग्याचे तपशील, तसेंच नागरिकांची व कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांची माहिती, मात्र त्या संस्थानांतून देऊं नये. रोग झांकलेला राहिला. पत्ता उघडा पडला. वर सांगितलेलें २०१० च्या कायद्याचें बंधन मार्केटप्लेसच्या दारावर आहे. मेडिकेडच्या दारावरचें कुलूप निराळें, आणि तें इतकें मजबूत नव्हतें, हें लोकांना असें कळलें.

अशा स्थितींत जनजागृति करावयाची ती कशी? माझें मत असें कीं, सरसकट धीर देणें आणि सरसकट भय घालणें, दोन्ही सारखींच घातक. धीर दिला आणि वचन मोडलें, तर पुढच्या वेळीं साथीच्या रोगाची लस घेण्यासहि तो माणूस येणार नाहीं. भय घातलें तर दमा झालेलें तें मूल, ज्याला कायद्याचा पूर्ण आधार आहे, विनाकारण औषधावांचून राहील. सांगावयाचें तें घरांतील प्रत्येक माणसापुरतें निरनिराळें सांगितलें पाहिजे. ज्याच्याजवळ सध्यां चालू परवाना आहे त्यानें आपला हक्क सोडूं नये. जो स्वतःसाठीं अर्ज करीत नाहीं त्यानें आपल्या परवान्याविषयींचा रकाना कोरा ठेवावा. तो रिकामा ठेवल्यानें मुलाचा अर्ज अडत नाहीं. अर्जावर खोटें मात्र कदापि लिहूं नये. न सांगण्याचा हक्क आहे, खोटें सांगण्याचा नाहीं. आणि ज्या आईचें वास्तव्य बेकायदेशीर आहे तिला, पत्ता लिहिण्यापूर्वीं, त्यांत धोका किती हें न लपवितां सांगावें, व जाणत्या वकिलाची गांठ घालून द्यावी. अर्ज भरण्यास साहाय्य करणारे सरकारमान्य मदतनीस तेथें आहेत, त्यांना नॅव्हिगेटर म्हणतात. ते पैसे घेत नाहींत. जो पैसे मागतो व "तुमचें काम मी करून देतों" म्हणतो, त्याच्या हातीं आपलीं कागदपत्रें देऊं नयेत.

प्राणावर बेतलें असतां मात्र यांतला कोणताहि विचार करीत बसूं नये. १९८६ च्या कायद्याप्रमाणें तेथील रुग्णालयांच्या तांतडीच्या विभागानें येईल त्यास तपासून प्रकृति स्थिर होईपर्यंत उपचार केलेच पाहिजेत. पैसा वा परवाना नाहीं म्हणून परत पाठवितां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांशीं फार निकटची आहे. मुलाकडे कायमच्या वास्तव्यास गेलेल्या आईस इंग्रजी येत नाहीं, म्हणून दवाखान्यांत व अर्जाच्या कचेरींत बारा वर्षांची नात दुभाष्याचें काम करते. आजीच्या पोटांतील गांठ, सुनेशीं न पटणें, घरची मिळकत, सारें त्या पोरीच्या तोंडून परक्या माणसापुढें जातें; आणि जें सांगावयास आजीस संकोच वाटतो तें ती सांगतच नाहीं. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयानें व विमायोजनेनें दुभाषा फुकट पुरविला पाहिजे, आणि आणीबाणीचा प्रसंग नसेल तर अल्पवयी मुलावर त्यासाठीं भिस्त ठेवूं नये, असा तेथील नियम आहे. दूरध्वनीवरूनहि दुभाषा मिळूं शकतो. मुलानें किंवा सुनेनें कचेरींत पाऊल टाकतांच प्रथम एवढेंच म्हणावें: आईंना मराठी दुभाषा हवा आहे.