संलग्नतेचा वाद

घरांतील मुलगी डॉक्टर झाली आणि पुढें एम्. डी. च्या अभ्यासक्रमास तिला जागा मिळाली, म्हणजे शेजारींपाजारीं पेढे जातात. महाविद्यालय कोणत्या गांवीं, रुग्णालय केवढें, शुल्क किती, याची चौकशी वडील मंडळी बारकाईनें करतात. परंतु हें महाविद्यालय कोणत्या विद्यापीठास संलग्न आहे, आणि मुलीनें घेतलेल्या विषयापुरती ती संलग्नता पुरी झाली आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. न्यायालयांत वर्षानुवर्षें चाललेले कित्येक दावे मात्र नेमके याच प्रश्नांतून निघालेले आहेत.

संलग्नता ही कल्पना या देशांत नवी नव्हे. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं, तीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवावें महाविद्यालयांनीं, आणि परीक्षा घेऊन पदवी द्यावी विद्यापीठानें, अशी कामाची वांटणी त्या वेळीं झाली. महाराष्ट्रांतील वैद्यकीय महाविद्यालयें पुष्कळ वर्षें मुंबई, पुणें, नागपूर इत्यादि विद्यापीठांच्या छत्राखालीं होतीं. १९९८ च्या कायद्यानें नाशिक येथें महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झालें, आणि हें काम त्याजकडे आलें.

पदव्युत्तर वर्गांत ही संलग्नता अधिक खोल जाते. एम्. डी. किंवा एम्. एस्. चा विद्यार्थी तीन वर्षें एका ज्येष्ठ अध्यापकाच्या हाताखालीं राबतो. तो अध्यापक मार्गदर्शक म्हणून मान्य असावा लागतो, प्रबंधाचा विषय विद्यापीठाकडे नोंदवावा लागतो, आणि परीक्षकांची नेमणूक विद्यापीठच करतें. शिवाय महाविद्यालयास एकदां संलग्नता मिळाली म्हणजे सर्व विषयांना मिळाली, असें होत नाहीं. बालरोगाच्या अभ्यासक्रमास ती असेल, आणि त्याच इमारतींतील क्ष-किरणशास्त्राच्या अभ्यासक्रमास नसेल. जागांची संख्याहि ठरलेली असते. किती अध्यापक, किती खाटा, किती रुग्ण, यांच्या हिशेबानें ती ठरते.

नवें महाविद्यालय किंवा नवा अभ्यासक्रम काढूं इच्छिणाऱ्या संस्थेस परंपरेनें तीन दारें ओलांडावीं लागत आलीं आहेत. पहिलें राज्य शासनाचें, दुसरें विद्यापीठाचें, तिसरें केंद्राचें. या तीन दारांचें मूळ राज्यघटनेंतच आहे. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविणें व त्यांत मेळ राखणें हें काम केंद्रसूचींत आहे. विद्यापीठें स्थापन करण्याचा अधिकार राज्यसूचींत आहे. आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर वैद्यकीय शिक्षण हा विषय समवर्ती सूचींत गेला आहे. एकाच अंगणावर तिघांचा हक्क असला म्हणजे तंटा उद्भवावयाचाच.

दुसरें दार न ओलांडतांच आंत शिरलें तर काय होतें, हें १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका प्रकरणांत दिसून आलें. त्या वेळच्या आंध्र प्रदेशांतील विकाराबाद येथें एका संस्थेनें शासनाची परवानगी व विद्यापीठाची संलग्नता यांवांचूनच वैद्यकीय महाविद्यालय सुरू करून विद्यार्थी घेतले. पुढें, झालें तें झालें, निदान या मुलांना परीक्षेस बसूं द्यावें, अशी विनंती करण्यांत आली. ज्या कायद्यानें विद्यापीठ जन्मास आलें तोच मोडण्याचा आदेश न्यायालयानें विद्यापीठास द्यावा, हें न्यायालयास मान्य झालें नाहीं. खटला पदवीपूर्व वर्गाचा होता. तत्त्व मात्र पदव्युत्तर वर्गासहि तितकेंच लागू आहे. सहानुभूति कितीहि असली तरी तिच्या बळावर पदवी मिळत नाहीं.

यानंतर वादाचें स्वरूप पालटलें. वैद्यकीय परिषदेच्या १९५६ च्या कायद्यांत १९९३ सालीं १० अ हें कलम घालण्यांत आलें, आणि तें २७ ऑगस्ट १९९२ पासून अंमलांत आल्याचें मानलें गेलें. नवें महाविद्यालय, नवा पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा वाढीव जागा यांस केंद्र शासनाची पूर्वपरवानगी अवश्य ठरली. मग केंद्र हो म्हणालें आणि राज्य नाहीं म्हणालें, तर शेवटचा शब्द कोणाचा? तामिळनाडूच्या वैद्यकीय विद्यापीठाच्या कायद्यांत, राज्य शासनाच्या परवानगीवांचून विद्यापीठानें संलग्नता देऊं नये, अशी तरतूद होती. ती केंद्राच्या कायद्याशीं विसंगत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिला. २००० सालीं केरळांतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रकरणांत, आणि २००६ सालीं महाराष्ट्रांतील अध्यापक-विद्यालयांच्या प्रकरणांत, न्यायालयाचा रोख हाच राहिला. केंद्रीय परिषदेनें मान्य केलेल्या संस्थेस राज्यानें आपल्या धोरणाचें कारण सांगून अडवूं नये.

मग विद्यापीठानें नुसता शिक्का मारावा काय? तसेंहि नाहीं. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासंबंधीं १९९९ सालीं घटनापीठानें एक महत्त्वाचें सूत्र सांगितलें. केंद्रीय संस्थेनें ठरविलेला दर्जा राज्यास खालीं आणतां येत नाहीं. तो वर नेण्यास मात्र आडकाठी नाहीं. केरळांतील तंत्रविद्यापीठाच्या प्रकरणांत २०२० सालीं हीच दृष्टि संलग्नतेलाहि लावली गेली, आणि केंद्रीय परिषदेहून कडक अटी घालण्याचा विद्यापीठाचा अधिकार न्यायालयानें मान्य केला. पदवीवर सही ज्याची, त्यास शिक्षण पारखण्याचा अधिकार असलाच पाहिजे, हें साध्या व्यवहारासहि पटण्यासारखें आहे. अध्यापक कागदावर आणि खाटा रिकाम्या, अशा ठिकाणीं शिकलेल्या शल्यवैद्याच्या हातीं उद्यां कोणाचें तरी माणूस मेजावर निजणार असतें.

दोष अधिकारांत नाहीं, तो वेळेंत आहे. विद्यापीठाचा नकार, संस्थेचा अर्ज, न्यायालयाचा तात्पुरता हुकूम, त्या हुकुमाच्या आधारें झालेले प्रवेश आणि मागाहून फिरलेला निकाल, असा हा क्रम चालतो. तोंवर विद्यार्थी रात्रपाळ्या करीत असतो, रुग्ण तपासत असतो, प्रबंधाचीं टिपणें काढीत असतो. दावा हरला तर ते दिवस परत येत नाहींत. दावा जिंकला तरी कित्येकदां प्रवेशाची तारीख टळलेली असते, आणि ठरलेल्या मुदतीनंतर वैद्यकीय प्रवेश होऊं नयेत, याविषयीं सर्वोच्च न्यायालय वारंवार कडक राहिलें आहे.

आणखी एक पेंच असा कीं, परवानगी निराळी आणि मान्यता निराळी. १९५६ च्या कायद्याखालीं नव्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास आधीं सुरू करण्याची परवानगी मिळे. पहिली तुकडी अंतिम परीक्षेस बसे, तेव्हां पुन्हा तपासणी होऊन त्या पदवीस मान्यता मिळे. ती लांबली म्हणजे उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरासहि आपली नवी पदवी नोंदवून घेण्यास तिष्ठत बसावें लागे. २५ सप्टेंबर २०२० रोजीं जुन्या परिषदेच्या जागीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या परवानगीचें काम २०१९ च्या नव्या कायद्याखालीं चालूं लागलें. केंद्राचें दार नव्यानें बसलें. विद्यापीठाचें दार होतें तेथेंच आहे.

तेव्हां न्याय्य मार्ग एकच दिसतो. विद्यापीठानें कसून तपासावें, नाकारावयाचें तर कारणें लिहून नाकारावें, परंतु तें पहिला विद्यार्थी उंबऱ्यांत येण्यापूर्वीं. संस्थेनें लढावें, परंतु विद्यार्थ्यांस पुढें करून नव्हे. आणि घरच्या मंडळींनीं पेढे आणण्यापूर्वीं तीन कागद पाहावे: त्याच विषयाची, त्याच वर्षाची, तितक्याच जागांची केंद्राची परवानगी, विद्यापीठाचें संलग्नतेचें पत्र, आणि अभ्यासक्रम जुना असल्यास त्याच्या मान्यतेचा दाखला. हे कागद मागण्यांत अविश्वास नाहीं. घर विकत घेतांना जो मनुष्य सात पिढ्यांचे दस्त चाळतो, त्यानें मुलीच्या आयुष्यांतील तीन वर्षें सोंपवितांना तीन कागद चाळावे, एवढेंच.