परदेशी रोगी आणि आपली यादी

कुर्ल्याहून मुंबईकडे जाणाऱ्या धीम्या गाडीत बसले की शीव हे लगेच पुढचे स्टेशन. तिथले लोकमान्य टिळक रुग्णालय आम्हां कुर्लेकरांच्या चांगल्या ओळखीचे. पण त्याच आवारात एक कचेरी आहे, तिची ओळख फार थोड्यांना असते. मुंबई विभागाचे अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र ते हेच. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांची वाट पाहत दिवस काढणाऱ्या माणसांची यादी इथे ठेवतात. आता यादी म्हणजे काही रेशनच्या दुकानापुढची रांग नव्हे. रक्तगट जुळावा लागतो, दुखणे किती निकराला आले आहे ते पाहावे लागते.

या यादीत परदेशी माणसाला जागा आहे का? आहे, पण ती कुठे, हे २०१४ च्या नियमांनी ठरवून दिले आहे. मृत दात्याचा अवयव मिळाला की आधी राज्याची यादी पाहायची, मग विभागाची, मग साऱ्या देशाची. त्यानंतर भारतीय वंशाची परदेशी व्यक्ती, आणि अगदी शेवटी परका परदेशी.

कुणी म्हणेल, अतिथीला देव मानणारे आपण, आणि मरणाच्या दारी उभ्या असलेल्या पाहुण्याला शेवटच्या पंगतीला बसवतो! मलाही पूर्वी असेच वाटे. पण हा नियम कशातून आला, ते पाहिले की राग ओसरतो.

१९८० नंतरची मुंबई आठवा. तेव्हा मूत्रपिंड विकत मिळत असे. आखाती देशांतून रोगी यायचे, दलाल गाठायचे, आणि पैशाच्या अडचणीतला कुणीतरी माणूस टेबलावर झोपायचा. संयुक्त अरब अमिराती आणि ओमान इथल्या डॉक्टरांनी मुंबईहून असे मूत्रपिंड घेऊन परतलेल्या १३० रोग्यांची पाहणी केली आणि ती १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात छापली. त्यांतले कितीतरी जण दगावले होते. काहींना मूत्रपिंडाबरोबर एचआयव्हीची लागणही मिळाली होती. म्हणजे विकत घेणाराही नागवला गेला. ज्यांनी मूत्रपिंड विकले, त्यांचे पुढे काय झाले, याची मोजदाद त्या पाहणीत नव्हती, हे मला जास्त लागते.

मग १९९४ चा कायदा आला. महाराष्ट्रात तो १९९५ च्या फेब्रुवारीत लागू झाला. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला. जिवंत दाता आणि परदेशी रोगी, ही जोडी आज सर्वांत कडक नजरेखाली असते. समजा, कुर्ल्यातल्या एका ताईंचा सख्खा भाऊ लंडनला राहतो, तिथला नागरिक झाला आहे, आणि ताई त्याला मूत्रपिंड द्यायला तयार आहेत. देता येईल, पण प्राधिकार समितीची मंजुरी आधी हवी, आणि हे नाते खरे असल्याचा त्याच्या देशाच्या वकिलातीचा दाखला हवा. मावसभाऊ असेल तर? नाही देता येणार. नवरा-बायको, आईबाप, मुले, भावंडे, आजी-आजोबा, नातवंडे, इथे कायद्याचे जवळचे नाते संपते. आपल्या घरात मावसभाऊ सख्ख्याहून सख्खा असतो, हे कबूल. पण फट ठेवली की दलाल तिथूनच शिरतो. २०१६ साली मुंबईतच खोट्या कागदांवर एका बाईला रोग्याची पत्नी म्हणून उभे केल्याचे उघडकीस आले होते, आणि तिथला तर रोगीही देशीच होता.

मृत दात्याची गोष्ट निराळी. तिथे कुणाला फसवून टेबलावर झोपवायचे नसते. मेंदू मृत झाल्याची खात्री चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा करते, नातलग संमती देतात. मग मात्र घड्याळ धावू लागते. हृदयाला साधारण चार तास मिळतात. २०१५ साली पुण्याहून मुलुंडला हृदय आणले, तेव्हा पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला, तो यासाठीच. एवढ्या वेळात देशात कुणी जुळणारा सापडला नाही, तर ते हृदय वाया घालवायचे काय? मुळीच नाही. द्यावे परदेशी रोग्याला. २०२४ साली कराचीहून आलेल्या एका तरुण मुलीला चेन्नईत भारतीय दात्याचे हृदय मिळाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला तरी बरेच वाटले.

खरी मेख पुढे आहे, बरं का. ‘कुणी सापडला नाही’ याचा अर्थ काय? २०१८ साली चेन्नईत हाच वाद पेटला. हृदये परदेशी रोग्यांकडे जात आहेत, अशी तक्रार झाली. रुग्णालये म्हणाली, देशी रोग्यांनी नाकारल्यावरच ती गेली. आता देशी रोगी का नाकारतो? कधी जुळत नाही, कधी ताप असतो. आणि कधी खासगी रुग्णालयाचे लाखांचे बिल त्याच्या आवाक्यात नसते. कागदावर दोन्हींना नकारच म्हणतात. पैशाअभावी दिलेला नकार हा नकार धरायचा का, एवढाच माझा प्रश्न आहे. क्रम नियमात जसाच्या तसा राहतो आणि अवयव मात्र खिसा पाहून खाली घसरत जातो.

युरोपात आठ देशांनी मिळून अवयवांची एक सामाईक यादी केली आहे. युरोट्रान्सप्लांट तिचे नाव, १९६७ पासून चालते. जर्मनीतले मूत्रपिंड बेल्जियमला जाते, तिकडचे इकडे येते, आणि कुणी किती दिले, किती घेतले, याचा हिशेब ठेवतात. आपला शेजारी देशांशी असा हिशेबाचा व्यवहार नाही. आणि देणार तरी काय? स्पेनमध्ये दर दहा लाख लोकांमागे वर्षाला चाळीसहून अधिक मृत दाते असतात. आपल्याकडे एकही भरत नाही.

तेव्हा क्रम बदला, असे मी म्हणत नाही. पण परदेशी रोग्यापर्यंत पोचलेल्या प्रत्येक अवयवामागे वरच्या किती जणांनी नकार दिला आणि कोणत्या कारणाने दिला, याची नावे गाळून केलेली नोंद सर्वांना पाहता यावी. शीवच्या कचेरीबाहेर फळ्यावर लावली तरी चालेल. आम्ही कुर्ल्याहून एका स्टेशनाचे तिकीट काढून वाचून येऊ.