मथळा आणि ठळक अक्षर

संकेतस्थळावरील मजकुराला रूप देतात ते एचटीएमएलचे टॅग. कोनदार कंसांत आरंभीं एक खूण घालावयाची आणि शेवटीं तिरकी रेघ जोडून तीच पुन्हां. ‘बी’नें शब्द ठळक होतो, ‘आय’नें तिरपा. मथळ्यासाठीं मात्र ‘एच-१’ ते ‘एच-६’ अशा सहा पायऱ्या आहेत. सर्न संस्थेंतील टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ सालच्या यादींतही त्या होत्या. तरी पुष्कळजण मथळा नुसता ठळक करून मोकळे होतात. डोळसांचें त्यानें कांहींच अडत नाहीं. अंध वाचक मात्र पान कानांनीं वाचतो. ‘एच’ची कळ दाबली कीं वाचून दाखविणारें यंत्र त्याला पुढच्या मथळ्यावर नेतें. नुसत्या ठळक ओळीवर तें थांबत नाहीं. मग रेल्वेच्या वेळापत्रकांतील एका गाडीसाठीं त्याला सारें पान आरंभापासून ऐकत बसावें लागतें.