आकडे शिकविताना



लालबागचा कुंडी भंडारा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. सातपुड्याच्या उतरणीवर मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या बळावर, बुऱ्हाणपुरास आणण्याची ही योजना 1615 च्या सुमाराची. वर दिसणाऱ्या शंभराहून अधिक कुंड्या म्हणजे त्या बोगद्यावर उभ्या खोदलेल्या विहिरीच होत. संख्याशास्त्राचा पहिला पाठ देण्यास याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी कुंडीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे व संगणकावरील तक्त्यात भरावे. प्रत्येक कुंडीस एक ओळ, प्रत्येक मोजमापास एक रकाना. लिब्रेऑफिस कॅल्कसारखी विनामूल्य प्रणाली त्यास पुरेशी आहे. अडचण येते ती बंद कुंडीपाशी. समजा, चार कुंड्यांची मापे 12, 14, 13 व 15 मीटर आली आणि पाचवी मोजताच आली नाही. तो चौकोन रिकामा ठेवला तर सरासरी 13.5 येते, तेथे शून्य लिहिले तर 10.8. यंत्र दोन्ही वेळा बिनतक्रार उत्तर देते.

ही बाब केवळ परीक्षेपुरती नाही. पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवर पीक विम्याची भरपाई ठरते. या प्रयोगांना यादृच्छिक नमुना निवडीची शास्त्रीय बैठक देण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेल्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. तेथे एक चौकोन चुकीचा भरला गेला, तर त्याची झळ शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचते.

मोजलेली माहिती मात्र प्रत्येक धड्यास सोयीची असतेच असे नाही. कधी ती मुद्दाम रचावी लागते. फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी 1973 मध्ये प्रत्येकी अकरा जोड्यांचे चार संच रचले. चारही संचांच्या सरासऱ्या 9 व 7.5, सहसंबंधही सुमारे 0.82. आलेख काढला की एकात सरळ कल, दुसऱ्यात वक्ररेषा आणि उरलेल्या दोहोंत एकाच चुकार बिंदूने घातलेला घोळ दिसतो! हे संच ‘आर’ या विनामूल्य प्रणालीत तयारच मिळतात.

शिक्षकांना स्वतःचे संचही त्याच प्रणालीत रचता येतात. सरासरी व विचलन सांगितले की ती हवे तितके आकडे देते. सोबत बीजांक लिहून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या शाळेतही त्याच आज्ञांनी तेच आकडे निघतील. आणि अशा फाइलीच्या नावातच ‘कल्पित’ हा शब्द घालावा. कुंड्यांच्या खऱ्या मापांच्या फाइलीत ती चुकूनही मिसळता कामा नये.