आकाशाचा सातबारा



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आमच्याकडे ‘संगणकावरचे आकाश’ हा विषय सोपविला. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने पगार, पाळी आणि बोनस सोडून तारे कशाला मोजावेत, असे काहींच्या मनात आले असेल. पण तिसऱ्या पाळीला निघालेला खाणकामगार, पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचायला जाणारी बाई आणि मृगाची वाट पाहणारा शेतकरी, यांच्याइतका आकाशाशी संबंध दुसऱ्या कोणाचा येतो? आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते वाचून आणि विचारून. तेव्हा विद्वानांनी क्षमा करावी. हे बोलणे आमच्यासारख्यांसाठी आहे.

फाबियन शेरो या फ्रेंच तरुणाने २००० साली ‘स्टेलॅरियम’ नावाचा संगणकीय कार्यक्रम लिहावयास घेतला. पुढे देशोदेशींच्या माणसांनी त्यात हौसेने भर घातली. त्याला किंमत नाही, आणि केवळ फुकट आहे एवढेच नव्हे. त्याची आतली रचनाही उघडी आहे. कोणीही ती पाहावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. श्रम अनेकांचे आणि मालकी सर्वांची, ही गोष्ट संघटनेच्या माणसाला आवडली तर नवल नव्हे! एकदा संगणकावर घेतला की इंटरनेट नसले तरी तो चालतो. सहा लाखांहून अधिक तारे त्यात सुरुवातीपासूनच आहेत.

आपण त्याला चंद्रपूर हे ठिकाण सांगितले की आपल्या डोक्यावरचे आकाश पडद्यावर येते. चंद्रपूर सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून सुमारे २० अंशच वर दिसतो. काळ पुढे ढकलला की त्याच्याभोवती सारे आकाश फिरू लागते. मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येऊन सावली पायाखाली जाते, हेही तिथे ताडून पाहता येते.

आता मृगाचे घ्या. मृगातले तीन तारे एका ओळीत आहेत, ते सर्वांच्या परिचयाचे. चैत्रात दिवेलागणीला ते पश्चिमेकडे कललेले असतात आणि मे सरता सरता संधिप्रकाशात बुडून जातात. जूनच्या सात-आठ तारखेला ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो, पण त्या दिवशी मृग आकाशात शोधून सापडत नाही. असे का? स्टेलॅरियममध्ये ती तारीख घाला, दुपारची वेळ घाला आणि ‘ए’ ही कळ दाबा. वातावरण नाहीसे होते, भर दिवसा तारे दिसतात, आणि सूर्य मृगापाशीच जाऊन उभा आहे हे डोळ्यांना कळते. पंचांगातला एक शब्द आपण आयुष्यभर उच्चारीत आलो. त्याचा अर्थ एका कळीने उलगडतो.

आणखी एक सोय तिथे आहे. आकाश दिव्यांनी किती उजळलेले आहे ते आपण ठरवू शकतो. उजेड वाढविला की आकाशगंगा पुसली जाते, मग बारीक तारे जातात, शेवटी मोजके ठळक तारे उरतात. हे शेवटचे चित्र आमच्या शहराचे आहे. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे. राज्याला उजेड देणाऱ्या गावाची मुले आकाशगंगा पडद्यावर पाहतात! आणि गडचिरोलीच्या जंगलात, दिव्यांपासून दूर, ती अजून उघड्या डोळ्यांना दिसते.

त्या जंगलातल्या माणसांजवळ नुसते आकाश नाही, आकाशाची नावेही आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड गावांत जाऊन ती विचारून घेतली. त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. सप्तर्षींतले चार तारे ही बाज आणि मागचे तीन हे चोर. मृगातली ती तीन ताऱ्यांची ओळ म्हणजे तिफण. संध्याकाळचा शुक्र हा जेवणवेळेचा तारा, पहाटेचा तो पहाटेचा. ऋषी, राजे आणि देव यांच्या जागी इथे बाज आहे, चोर आहे, पेरणीचे अवजार आहे. कष्ट करणाऱ्यांनी आकाशात आपले घर आणि शेत पाहिले. आकाशातली तिफण मावळते आणि थोड्याच दिवसांत शेतातली तिफण बाहेर निघते, हा मेळ ज्यांनी रोज पाहिला त्यांना अडाणी कोण म्हणेल?

स्टेलॅरियममध्ये ग्रीकांचे, चिन्यांचे आणि इतर अनेक समाजांचे आकाश निवडता येते. प्रत्येकाच्या आकृत्या वेगळ्या, नावे वेगळी, आणि नवे आकाश जोडण्याचीही मुभा आहे. ताऱ्यांच्या जोडण्या, नावे आणि गोष्टी नेमून दिलेल्या पद्धतीने लिहिल्या की झाले. एखाद्या महाविद्यालयातल्या दोन-चार मुलांना हे काम सहज जमेल.

मंडळी, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. पिढ्यान्पिढ्या सांभाळलेले जंगल कागदावर त्या गावाचे झाले. आकाशाचा सातबारा कोणाच्याच नावे नसतो, हे खरे. पण तिथली नावे जो लिहितो त्याची उरतात आणि जो लिहीत नाही त्याची म्हाताऱ्यांबरोबर जातात. गावागणिक नाव बदलते, गोष्ट बदलते. म्हणून प्रत्येक गावचे नाव वेगळे लिहावे लागेल. तेही गावाला विचारून, गावाच्या संमतीने, सांगणाऱ्याचा मान राखून. वरून उचलून नेणारे आजवर पुष्कळ आले. त्यांत आपली भर नको.

आमचे मागणे एवढेच. या उन्हाळ्यात ज्यांची मुले संगणक शिकली आहेत त्यांनी त्यांना गडचिरोलीच्या वाटेला लावावे. दिवसा त्यांनी यंत्रावर आकाश पाहावे, आणि रात्री अंगणात बाजेवर बसलेल्या आजोबांना विचारावे, ‘आजोबा, त्या ताऱ्याला तुम्ही काय म्हणता?’ यंत्र तारा कुठे आहे ते अचूक सांगेल. आपले लोक त्याला काय म्हणत आले, हे यंत्राला आपणच सांगावे लागेल.